त्याच्या मापाचा डब्बा

मी तिसरी पास आहे. चौथीत बसलो होतो, पण तीन महिनेच. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी म्हणू नये की म्हाताऱ्यानं लपवलं. हे सगळं माझ्या हातानं लिहितो आहे. सून म्हणाली होती, "मामा, तुम्ही सांगा, मी लिहिते." मी म्हणालो, नको, तू लिहिलंस की ते शाळेतल्या निबंधासारखं होईल. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. तिनं राग नाही धरला. एक वही आणून दिली आणि वर म्हणाली, "शुद्धलेखन मी तपासणार नाही, मग तर झालं?"

तो मेल्याची बातमी पण तिनंच आणली.

घराच्या पुढच्या अंगाला माझं पत्र्याचं शेड आहे. परळीत बाकीचे सुतार दारं-खिडक्या, पलंग करतात. मी आवाजाचे डब्बे करतो. लग्नात, जयंतीत, मिरवणुकीत जे मोठे स्पीकर लागतात त्यांचा लाकडी डब्बा. आतलं यंत्र बाहेरून येतं. डब्बा माझा. त्या दिवशी सकाळी मी प्लायवूडला गोल भोक पाडत होतो. सून शाळेला निघालेली, खांद्याला पर्स, हातात फोन. दारातच थांबली.

"मामा, तुमचा तो बेसवाला गेला."

"कुठं?"

"गेला म्हणजे वारला हो."

मी करवत थांबवली नाही. गोल अर्ध्यावर सोडला असता तर फळी वाया गेली असती. गोल पुरा केला, मधली चकती बाहेर काढली, कड बोटानं तपासली. सून अजून उभीच होती. मी म्हणालो, "जा तू, तुझी गाडी चुकेल." ती गेली. त्या दिवशी मी आणखी दोन भोकं पाडली. दोन्ही बरोबर आली.

दुपारी घरी आल्यावर तिनं विचारलं, "मामा, जेवणार ना?" मी म्हणालो, न जेवायला तो काय माझा भाऊबंद होता? दीड भाकर खाल्ली. रोज दीडच खातो.

मला काही झालं नाही. इथं खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो. माझी बायको गेली तेव्हाही असंच झालं होतं. लोक म्हणाले, दगड आहे. असेल.

आता तो कोण ते सांगतो. तो लांबच्या देशातला गोरा माणूस. एका मोठ्या टोळीत वाजवायचा. गिटारीसारखंच वाद्य, पण तारा जाड, आवाज खालचा. आपल्या भजनात ज्याला खर्ज म्हणतात तसला. त्याला कधी बघितलं नाही. फोटोसुद्धा पाच-सहा वर्षांखाली सुनेच्या फोनमध्ये पहिल्यांदा पाहिला. तोवर तो माझ्यासाठी एक आवाज होता, आणि तो आवाज एका कॅसेटमध्ये राहत होता.

कॅसेट दोस्तानं आणली. दोस्त म्हणजे माझा दोस्त, एकच होता. इथल्या वीज केंद्रात यंत्रावर नोकरीला. दहावी पास, वर आयटीआय केलेला. मूळचा घाटनांदूरचा, पण नोकरीपायी परळीत खोली करून राहायचा. आम्ही दोघं तिशीतले असू तेव्हा बाहेर देशाचा एक साहेब यंत्र बसवायला आला होता. जाताना त्यानं खोली रिकामी केली आणि एक खोकं दोस्ताला देऊन टाकलं. त्यात एक काळी छत्री, एक स्टोव्ह, दोन सदरे आणि ही कॅसेट. कॅसेटवर कागद नाही, चित्र नाही. निळ्या शाईची एक रेघ, बस.

पहिल्यांदा लावली ती माझ्याच शेडात. मी तेव्हा माझा पहिला डब्बा केला होता, सागवानी फळ्यांचा. तेव्हा प्लायवूड कुणाला परवडत होतं. लई जड झाला, म्हणून कुणी घेतला नाही. त्यावर कॅसेट लावली तर आम्हाला वाटलं टेप बिघडला. गाणं सुरू होतं, मधेच थांबतं, वाटतं संपलं, तर भलतंच सुरू होतं. मग पुन्हा थांबतं. वीस मिनिटं हेच. दोस्त म्हणाला, "हे गाणं हाय का मालगाडीचं शंटिंग?"

मी म्हणालो, थांब.

कारण मला खाली ऐकू येत होतं. वर सगळ्यांचा गोंधळ चालला होता, आणि खाली एक माणूस आपलं वेगळंच काहीतरी सांगत होता. घाई नाही, आरडाओरडा नाही. वरचे थांबले तरी हा थांबायचा नाही. वरचे पळाले तरी हा आपल्या चालीनं.

"ह्यो कोन?" मी विचारलं.

"कोन ह्यो?"

"खालचा."

दोस्तानं कान लावला. मग म्हणाला, "त्यो बटन फिरव बरं." अॅम्प्लिफायरला दोन-तीन बटणं होती. मी इंग्रजी अक्षरं ओळखायचो, एकेक. बी, ए, एस, एस. म्हणालो, "बास."

"काय?"

"बास लिवलंय. म्हंजे फिरवत जायचं आन् पुरं झालं की म्हनायचं, बास."

दोस्त इतका हसला की फळीवरून खाली बसला. "बास न्हाई बे, बेस! बेस!"

मला तेही पटलं. आपल्याकडं बेस म्हणजे चांगलं. बेस झालं, बेस केलंस, असं म्हणतोच की आपण. म्हणजे हे बटण फिरवलं की गाणं बेस होतं. मी फिरवलं, आणि झालंच बेस. तो खालचा माणूस उठून पुढं आला. पुढची कित्येक वर्षं मी तोच अर्थ धरून चाललो होतो. बेस ह्या शब्दाचा इंग्रजीत अर्थ खालचा आवाज असा आहे, हे मला एका स्पीकरच्या दुकानदारानं सांगितलं. मी त्याला म्हणालो, दोन्ही एकच.

तेव्हापासून त्याचं नाव बेसवाला. खरं नाव कॅसेटवर नव्हतंच.

तो पहिला सागवानी डब्बा मी त्याच्यासाठी बदलत गेलो. डब्ब्याला स्पीकरशिवाय आणखी एक भोक ठेवतात, हवेसाठी. ते भोक केवढं ठेवायचं त्यावर सगळा खेळ असतो. लहान ठेवलं तर आवाज घुसमटतो, मोठं ठेवलं तर सांडतो. पुस्तकात त्याचं गणित असतं म्हणे. मला पुस्तक कुठलं. मी बेसवाल्याला लावायचो, ऐकायचो, भोक जरासं वाढवायचो, पुन्हा लावायचो. फार वाढलं तर आतून पट्टी ठोकून कमी करायचो. वर्षभर चाललं ते. मग एक दिवस तो असा आला की शेडातला पत्रा हलेना, खिडकीची काच वाजेना, पण छातीत कळत होतं. मी दोस्ताला म्हणालो, हे त्याचं माप. तो डब्बा मग विकला नाही. पुढचे सगळे डब्बे त्याच्या मापावरून केले.

डब्बा पास की नापास हे मी ज्वारीवर ठरवतो. डब्बा उताणा निजवायचा, स्पीकरचं तोंड आभाळाकडं. त्यावर मूठभर ज्वारी टाकायची आणि बेसवाला लावायचा. डब्बा नीट असला की दाणे सगळे एकदम उडतात आणि एकदम खाली येतात, कवायतीतल्या पोरांसारखे. डब्ब्यात खोट असली की दाणे कडेला पळतात. गिऱ्हाईक कितीही शिकलेलं असो, मी त्याला म्हणायचो, "माज्यावर इस्वास ठेवू नका. ज्वारी बघा. ज्वारी खोटं बोलत न्हाई." आजूबाजूच्या गावांत लग्नात जे डब्बे धडधडतात, त्यातल्या कित्येकांनी जन्माला आल्यावर पहिलं गाणं ह्या माणसाचं ऐकलेलं आहे. त्यांच्या मालकांना ठाऊक नाही. त्या माणसालाही ठाऊक नव्हतं.

दोस्त दर सुट्टीला यायचा. फळीवर बसायचा, चहा व्हायचा, आम्ही वीस मिनिटं ऐकायचो आणि मग भांडायचो. भांडण ठरलेलं. गाण्यात एक जागा आहे. सगळे गप्प होतात आणि मग एक आवाज खालून वर चढायला लागतो. पाण्याच्या टाकीची शिडी माणूस चढतो तसा, एकेक पायरी. वर गेल्यावर तिथं जरा उभा राहतो. मग खाली येतो. मी म्हणायचो, ह्यो बेसवालाच. दोस्त म्हणायचा, गिटार.

"बेस एवढ्या वर जातो का कदी?"

"जातो. ह्यो जातो."

"कावून जाईल? खाली काम सोडून?"

"त्याला वाटलं म्हनून."

असं वीस-बावीस वर्षं चाललं. त्यात मजा होती. मजा संपली ती दोस्ताच्या रिटायरमेंटच्या दिवशी.

परळीत मंडप टाकून जेवण ठेवलं होतं. मी हौसेनं सागवानी डब्बा नेला. त्याच्या सोबतचे वीस-पंचवीस लोक बसलेले, पानं वाढायला सुरुवात झालेली. मी बेसवाला लावला. ती जागा आली तसं मी सगळ्यांना म्हणालो, "ऐका, ऐका, आता बेसवाला वर चढतो." दोस्त खुर्चीत हार घालून बसला होता. तिथूनच म्हणाला, "गिटार हाय त्ये." मी म्हणालो, "बेस हाय." लोक हसायला लागले. मी आणखी एकदा म्हणालो. मग तो म्हणाला, "जाऊ द्या हो. तिसरी पास सुताराला इंग्रजी गाण्यातलं काय कळतं?"

लोक पुन्हा हसले. तोही हसला. त्याच्या मनात काही नसेल. पण मी वायर काढली, दोघांना हाताशी घेऊन डब्बा उचलला आणि वाढलेल्या पानावरून उठून आलो. तो मागून हाक मारत होता, "आरं, जेवून तर जा." मी वळलो नाही.

तो मग घाटनांदूरला राहायला गेला. नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. त्याची वार्ता कुणी काढली की मी विषय बदलायचो. पुढं लोकांनी काढणंच सोडलं. सून लग्न होऊन घरात आली. तिनं एकदा फोन टेपजवळ धरला आणि फोननं त्या टोळीचं नाव सांगितलं. मग बेसवाल्याचं नाव, त्याचा फोटो, सगळं. उंच माणूस. पहिल्यांदा वाटलं, दोस्ताला सांगावं. नाही सांगितलं.

बातमी आली त्याच्या दोन-तीन दिवसांनी सून संध्याकाळी शेडात आली. म्हणाली, "मामा, बघा लोक काय काय करतायत." तिनं फोनवर दाखवलं. जगातल्या लोकांनी त्याच्यासाठी काय काय ठेवलं होतं. कुणी रिकाम्या खुर्चीवर ते वाद्य ठेवलेलं. कुणी चौकात जमून तेच गाणं वाजवत होते, म्हातारे, टकले, माझ्याएवढे. एकाचे हात कापत होते तरी वाजवत होता. खाली लोकांनी लिहिलेलं ती वाचून मराठीत सांगत होती. एका ट्रकवाल्यानं लिहिलं होतं की चाळीस वर्षं गाडीत दुसरं काही लावलं नाही. एका बाईनं लिहिलं होतं की माझा नवरा गेल्यावर मी हे ऐकत बसायची.

ह्या सगळ्यांनीही तेच ऐकलं होतं. मला वाटत होतं आम्ही दोघंच.

"तुम्ही पण लिहा की," सून म्हणाली. "तुमच्या नावानं मी काय लिहू?"

मी विचार केला. म्हणालो, "लिही, परळीत त्याच्या मापाचा एक डब्बा आहे."

तिनं मराठीतच लिहिलं. जरा वेळानं कुणीतरी तिकडून हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आणखी एकानं विचारलं, ही कुठली भाषा?

मग तिला एक सापडलं. कुणीतरी संगणकावर त्या गाण्यातून बाकीच्या सगळ्यांना काढून टाकलं होतं. गाणारा नाही, गिटार नाही, ढोल नाही. एकटा बेसवाला. गेलेल्या माणसाला लोकांनी नीट ऐकावं म्हणून केलं होतं म्हणे.

तिनं लावलं. काही ऐकू येईना. किरकिर, चिकचिक, जसं मुंग्या पत्र्यावर चालतात. मी म्हणालो, ह्यात तो नाहीच. मग लक्षात आलं. फोनचा स्पीकर नखाएवढा, त्यातून तो कसा येईल. सगळं जग फोनवर त्याच्यासाठी रडत होतं, आणि फोनमध्ये तो मावतच नव्हता.

सागवानी डब्ब्यावर बसलेली वीज केंद्राची राख फडक्यानं पुसली आणि वायर जोडली.

तो एकटा आला. शेडात दुसरं काही नव्हतं. मी स्टुलावर बसलो. सून उभी. ती जागा यायला बराच वेळ होता. आली. तो गप्प झाला, आणि मग चढायला लागला. एकेक पायरी. वर गेला. उभा राहिला. खाली आला.

बाकी कुणी नव्हतंच त्यात. तोच होता.

सून म्हणाली, "मामा! तुम्ही म्हणायचात ते हेच ना?" तिला भांडण माहीत होतं. सगळ्या घराला होतं. मी म्हणालो, "हां." मला वाटलं होतं, हे कळल्यावर काहीतरी होईल. नऊ वर्षं मी ह्याची वाट बघत होतो, आंघोळ करतानासुद्धा मनात बोलायचो की एक दिवस दाखवीन. काही झालं नाही. वायर गुंडाळली. पण एक ठरवलं, जायचं. त्याच्यापुढं हे वाजवायचं, आणि त्याच्या तोंडून ऐकायचं की तू खरा. हार घालून बोलला होता, आता बिनहाराचा बोलू दे.

सुनेनं ते माझ्या फोनमध्ये भरून दिलं. कॅसेट खिशात घातली, ती त्याचीच होती. शेजारच्याच्या तीनचाकी टेम्पोत अॅम्प्लिफायर ठेवला, डब्बा चढवला, त्याखाली गोधडी घातली आणि घाटनांदूरला निघालो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. तिसरी पास सुतार आलाय म्हणावं. असं.

दार वहिनींनी उघडलं. दोस्ताची बायको. मला बघून डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाजूला सरकल्या. टेम्पोवाल्यानं आणि मी डब्बा आत घेतला. दोस्त खाटेवर बसला होता. वाळला होता. मला बघितलं, मग डब्ब्याला बघितलं, आणि केवढ्यानं तरी ओरडला,

"आला का बे? भांडाया आला का जेवाया? नऊ वर्सं झाली पान वाढून!"

मी म्हणालो, "आधी भांडन."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी पुन्हा म्हणालो. वहिनी मागून हळू म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना ऐकू येत न्हाई. दीड वर्स झालं. ताप डोस्क्यात गेला, त्यात कान गेले दोनी. तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

कोण सांगणार. मीच विषय बदलत होतो.

मी खाली बसलो. भिंतीशी फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती होती. तिच्या बाजूला, जरा अंतर ठेवून, एक मेणबत्ती लावून विझवलेली आणि तिच्यामागं एक काळी छत्री उभी केलेली. मी ओळखली. साहेबाच्या खोक्यातली. दोस्तानं माझी नजर धरली.

"फोनवर वाचलं मी," तो ओरडून म्हणाला. "गेला बेसवाला. फोटू न्हाई माज्याकडं. कॅसेट तुज्याकडं. मग काय ठिवू? त्या खोक्यातलं ह्येच ऱ्हायलंय. म्हनून छत्री ठिवली."

वहिनी म्हणाल्या, "चार दिस झाले, रोज मेनबत्ती लावतेत छत्रीला. लोक इचारतेत, मी काय सांगू?"

मी कॅसेट खिशातून काढून छत्रीपाशी ठेवली. मग डब्बा उताणा निजवला, वायर जोडली. परत जायचं माझ्या मनात आलं नाही. आलो त्या कामाला हात घातला. माझा स्वभाव तसा.

"वहिनी, मूठभर ज्वारी द्या."

"कशाला? भाकरी टाकू का?"

"द्या तर."

त्यांनी सुपात आणली. मी स्पीकरवर टाकली. दोस्ताला कळलं. तो खाटेवरून उतरून डब्ब्याशी बसला आणि सागवानावर उजवा तळवा ठेवला. मी फोन दाखवून बोटांनी सांगितलं, एकटा. दुसरं कुणी नाही. फक्त तो. त्यानं मान हलवली. समजला की नाही, मला कळलं नाही.

लावलं. दाणे उडाले, सगळे एकदम, आणि एकदम खाली आले. दोस्त बघत होता. त्याचा तळवा लाकडावर, आणि ओठ हलत होते. तो मोजत होता. गाणं त्याच्या पाठ होतं. कुठं थांबतं, कुठं पळतं, सगळं. ज्वारीवरून त्यानं धरलं होतं आपण कुठं आहोत ते. बारा-तेरा मिनिटं असंच चाललं. वहिनी चुलीकडं गेल्या नाहीत.

ती जागा आली. दाणे थांबले. दोस्तानं बोट वर केलं, म्हणजे आता.

तो चढायला लागला. पहिल्या दोन पायऱ्यांना दाणे हलले. मग नुसते थरथरले. मग निजले. आवाज वर गेला तसा स्पीकरचा पडदा हलेनासा झाला. उंच आवाजाला तो हलत नाही, हलला तरी दिसत नाही. हे मला चांगलं माहीत होतं. तीस-बत्तीस वर्षं हेच काम करतो. पण घरून निघताना हे ध्यानात आलं नव्हतं, कारण मी त्याला ऐकवायला निघालो होतो. खोलीभर तो वाजत होता. मला ऐकू येत होतं, वहिनींना ऐकू येत होतं. ज्वारी गप्प पडून होती.

"बघ!" दोस्त ओरडला. "झोपली ज्वारी! इथं त्यो न्हाईच. सांगत हुतो का न्हाई? गिटार हाय!" हसत हसत तळवा डब्ब्यावर दोनदा आपटला. "तुजीच ज्वारी हाय बे. तूच म्हनायचा, ज्वारी खोटं बोलत न्हाई!"

त्याला नऊ वर्षांत कुणी एवढं हसताना बघितलं नसेल असं वहिनींच्या तोंडावरून दिसलं. त्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांना समजलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, "अवो, पर वाजतंय की..." मी हात आडवा केला. तसंही त्याला ऐकू जाणार नव्हतं.

बेसवाला खाली उतरला तेव्हा दाणे पुन्हा उडायला लागले. "आला," दोस्त म्हणाला. "आता आला कामावर."

गाणं संपलं. मी वायर काढली. दोस्त म्हणाला, "आता लिहून दे."

मी त्याच्याकडं बघितलं.

"तोंडानं बोलून उपेग न्हाई, मला ऐकू येत न्हाई. लिहून दे. कोन खरं ते लिही. ह्याच्यावर लिही." आणि डब्ब्याच्या बाजूवर हात मारला.

कानामागं पेन्सिल असते माझ्या, चपटी, सुताराची. काढली. लिहायला येत होतं मला. दोन ओळींत सांगता आलं असतं की बाकीचे काढून टाकलेत, वाजवणारा एकटा तोच आहे, उंच आवाजाला ज्वारी उडत नाही. तो यंत्रावरचा माणूस, त्याला पटलं असतं. वाचल्यावर त्यानं मान्यही केलं असतं, माणूस खोटा नव्हता. ह्यासाठीच तर डब्बा आणला होता. आणि तू खरा, असं लिहायला माझा हात चालत नव्हता, कारण तो खरा नव्हता. खोटं मी ज्वारीवर चालू देत नाही, लाकडावर कसं लिहू.

पेन्सिल तशीच धरून बसलो. वहिनी सुपातले दाणे उगाच चाळत होत्या. मग मी सागवानावर दाबून लिहिलं, मोठ्या अक्षरात.

बेस.

दोस्तानं चष्मा शोधला. डोळ्यांना लावला, वाकला, अक्षरांवरून बोट फिरवलं. बहिरे वाचतात तसं मोठ्यानं वाचलं, "बेस." मग माझ्याकडं बघितलं. त्यानं काय वाचलं ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी त्याला ऐकू आलं नसतं.

"बेस झालं मग," तो म्हणाला. "वाढ गं पानं. ह्याचं नऊ वर्सांचं ऱ्हायलंय."

मी जेवलो. वरण, वांग्याची भाजी, भाकरी. दीडच खाल्ली. तो आग्रह करत होता, ओरडून. वहिनी दोनदा हसल्या आणि एकदा आत जाऊन आल्या.

निघताना डब्बा तिथंच ठेवला. टेम्पोवाल्यानं विचारलं, उचलायचा ना? मी म्हणालो, जड आहे. दारातून मागं वळून बघितलं. फोन माझ्या खिशात होता, वायर गुंडाळलेली होती. दोस्त डब्ब्याशीच बसला होता आणि त्याचा तळवा लाकडावर होता. ज्वारी कुणी काढली नव्हती. तो तिच्याकडं बघत होता.

घरी आल्यावर सुनेनं दारातच विचारलं, "मामा, दाखवलं का त्यांना? काय म्हणाले?"

मी म्हणालो, "जेवून आलो."